आगबोटीची केबिन आणि तींतील गालिचा

काष्टीसारख्या गांवीं बसून आगबोटीच्या केबिनींतील गालिच्यावर लेख लिहावा, हें कित्येक वाचकांस गमतीचें वाटेल. आमच्या गांवाचें नांव पंचक्रोशीबाहेर गेलें आहे तें शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळें. श्रीगोंदें तालुका, भीमा-घोडचा मुलूख, दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें एक लहानसें स्टेशन, आणि चहूंकडे उंसाचे फड. समुद्र म्हटला तर तो सह्याद्रीच्या पलीकडे. तथापि ज्या घरांतील आजीनें पंढरपूर व काशी यांपलीकडे पाऊल टाकलें नव्हतें, त्याच घरांतील नातवंडें हल्लीं तिला 'क्रूझ' नांवाच्या विहारनौकेवर घेऊन जातात. मुंबईहून गोव्यास जाणारी 'आंग्रिया' ऑक्टोबर २०१८ मध्यें सुरू झाली. ती पुढें बंद पडली, पण सप्टेंबर २०२१ पासून दुसऱ्या एका कंपनीची मोठी नौका मुंबईहून सुटूं लागली. सिंगापूर, दुबई, अमेरिका येथें नोकरीस असलेलीं आमचीं मुलें तर आईबापांस बोलावून घेतात व पहिल्याच महिन्यांत चार दिवसांच्या सफरीचीं तिकिटें त्यांच्या हातावर ठेवतात. तेव्हां केबिनीची स्वच्छता हा आतां आमच्या माजघराचाहि प्रश्न झाला आहे.

कोकणच्या जुन्या बोटींचा प्रवास ज्यांनीं केला असेल किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल, त्यांस ठाऊक आहे कीं, भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या त्या बोटींवर डेकचा उतारू आपली वळकटी आपणच घेऊन चढे. सतरंजी स्वतःची, तांब्या स्वतःचा, आणि सतरंजीवरचा डागहि स्वतःचाच. डेक म्हणजे फळ्या. पाणी ओतून खराट्यानें झाडल्या कीं स्वच्छ होत, उन्हानें वाळत, आणि मागला उतारू कोण होता याची खूण उरत नसे. विहारनौकेच्या केबिनींत सारेंच उलट. बिछाना परका, उशी परकी, आणि पायाखालीं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवून बसविलेला गालिचा. चादर रोज बदलतां येते, गालिचा रोज बदलतां येत नाहीं. सकाळीं जुने उतारू उतरतात, दुपारीं नवे चढतात. मधल्या कांहीं तासांत एका नोकरानें आपल्या वांट्याच्या सर्व केबिनी झाडून, पुसून, बिछाने घालून तयार करावयाच्या असतात. गालिच्यांत जें मुरलें तें एवढ्या वेळांत निघत नाहीं. झांकलें मात्र जातें.

मग गालिचा घालतातच कशाला, असा प्रश्न आमच्या कुटुंबानें आम्हांस केला होता, व तो रास्त होता. पहिलें कारण आवाज. आगबोट ही लोखंडाची पेटी. यंत्रांची घरघर आणि वरच्या मजल्यावरील पावलांचा दणदणाट गालिचा बराचसा गिळून टाकतो. दुसरें, बोट कलूं लागली म्हणजे गुळगुळीत फरशीवर पाय निसटतो, गालिच्यावर तितका निसटत नाहीं. तिसरें कारण शोभेचें, त्याविषयीं न लिहिलें तरी चालेल. बोटीवर आगीचें भय सर्वांत मोठें असल्यामुळें तेथें घालावयाच्या गालिच्यास आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें ज्वालेची परीक्षा उतरावी लागते. लोंकर सहजासहजीं पेट घेत नाहीं. म्हणून लोंकरींत थोडें नायलॉन मिसळून विणलेले गालिचे बोटींवर पुष्कळ दिसतात.

लोंकरीचें नांव निघालें म्हणून थोडें विषयांतर करतों. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. वर्गांत तें शिकवूं लागलों म्हणजे विद्यार्थी जांभया देत. पण त्यांतील एक गोष्ट आम्हांस नेहमींच विलक्षण वाटत आली आहे. सरसकट 'पाण्यानें धुवावें' असें सांगून स्मृतिकारांनीं आपली सुटका करून घेतलेली नाहीं. रेशीम व लोंकर यांस खारी माती. कुतपास, म्हणजे टीकाकार ज्यास नेपाळी कांबळा म्हणतात त्यास, रिठा. क्षौमवस्त्रास पांढरी मोहरी. असा वस्तुवार भेद मनूनें केला आहे. ज्या धाग्यास जें द्रव्य मानवेल तेंच त्यास लावावें, हा त्यांतला विचार आजच्या धुलाईशास्त्रासहि मान्य आहे. रिठ्याचा फेस धुण्याच्या सोड्याइतका जहाल नसतो, म्हणून पैठणी आणि शाल यांस अजूनहि जाणत्या बायका रिठाच वापरतात. आमच्याकडील धनगर तर घोंगडीस चिंचोक्याची खळ देतो आणि ती सहसा धूतच नाहीं. झटकतो, काठीनें बडवतो आणि उन्हांत टाकतो. ऊन आणि वारा हे लोंकरीचे दोन मोठे परीट. बोटीवरच्या गालिच्याच्या नशिबीं नेमके तेच नाहींत. पुष्कळ केबिनींची खिडकी उघडत नाहीं. आंतल्या बाजूच्या केबिनींस तर खिडकीच नसते. गालिचा ओला झाला तर तो यंत्राच्या वाऱ्यावर वाळावयाचा, आणि नीट वाळला नाहीं तर कुबट वास धरावयाचा.

आतां डागांविषयीं. प्रवासांत आपल्याच हातून कांहीं सांडलें तर पहिला नियम हा कीं, घांसूं नये. कोरडा पंचा वरून दाबून ओल टिपून घ्यावी, आणि तीहि कडेकडून मध्याकडे, म्हणजे डागाचें वर्तुळ वाढत नाहीं. घांसल्यानें धाग्याचा पीळ उकलतो आणि मग डाग गेला तरी ती जागा कायमची वेगळी दिसते. चहा, सरबत यांस थंड पाणी पुरतें. रक्तास गरम पाणी कधींहि लावूं नये. तें धाग्यांत शिजून बसतें. तेल-तूप सांडल्यास आधीं कोरडें पीठ किंवा अंगास लावावयाची पावडर पसरून तासभर ठेवावी, तिनें तेल शोषून घेतलें कीं झटकावी. सर्वांत कठीण हळद. आपल्या बायकांस ठाऊकच आहे कीं, हळदीस चुना लागला म्हणजे ती लाल होते. साबणांतील क्षारानेंहि तेंच घडतें. म्हणून वरणाच्या डागास घाईनें साबण लावणारा मनुष्य पिवळ्या डागाचा तांबडा डाग करून बसतो आणि मग घाबरतो. घरीं हळदीचा डाग उन्हांत ठेवला कीं दोनचार दिवसांत उडतो. बोटीवर ऊन नाहीं. तेथें नोकरास बोलावून डाग कशाचा आहे हें स्पष्ट सांगणें हाच उपाय. लाजेनें टेबल सरकवून डाग झांकणारे सभ्य गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. डाग जितका शिळा, तितका हट्टी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. वरून स्वच्छ दिसणारा गालिचा वाळल्यावर तोच डाग पुनः उमटतो. यांत कोणाचा आळस नसतो. खालच्या अस्तरांत मुरलेलें मळकें पाणी, दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें, वाळतांना धाग्यांतून वर चढतें आणि टोंकाशीं येऊन मळ सोडतें. तेव्हां नुसतें वरून पुसण्यांत अर्थ नसतो. आंतलें पाणी यंत्रानें ओढून घ्यावें लागतें आणि मग वारा देऊन तळापर्यंत वाळवावें लागतें.

डाग दिसतो म्हणून आपण त्यास भितों. पण खरें भय जें दिसत नाहीं त्याचें आहे. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत नॉरवॉक नांवाच्या गांवीं १९६८ सालीं शाळेंतील मुलांस ओकाऱ्या व जुलाब यांची सांथ आली. तिच्या मुळाशीं असलेला विषाणु १९७२ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं सांपडला. त्यासच आज नोरोव्हायरस म्हणतात. शाळा, रुग्णालयें, वृद्धाश्रम येथें तो आढळतोच, परंतु आगबोटीवर हजारों माणसें एकाच पंक्तीस जेवतात, एकाच कठड्यास हात लावतात, म्हणून तेथें तो गाजतो. त्याचे फार थोडे कण पोटांत गेले तरी पुरतात. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत मनुष्य आजारी पडतो आणि बहुधा एक ते तीन दिवसांत उठतोहि. पण लहान मूल किंवा सत्तरीचा म्हातारा यांच्या अंगांतील पाणी तेवढ्यांत सरूं शकतें. आणि गालिच्याचा संबंध येथें येतो. इंग्लंडांतील एका रुग्णालयांत शेवटचा रुग्ण बरा झाल्यानंतर जवळजवळ दोन आठवड्यांनीं तेथील जुना गालिचा उखडण्यास आलेले दोघे कामगार याच विकारानें आजारी पडल्याची नोंद आहे. मधल्या काळांत तो गालिचा रोज यंत्रानें झाडला जात होता!

फरशीवर ओकारी झाली तर क्लोरीनचें पाणी ओतून भागतें. गालिच्यास तें चालत नाहीं, कारण त्यानें रंग उडतो आणि लोंकर तर विरघळूनच जाते. म्हणून गालिच्यास वाफ द्यावी लागते: सत्तर अंशांची वाफ पांच मिनिटें, किंवा शंभर अंशांची एक मिनिट, असें अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण खात्याचें सांगणें आहे. कोरडें झाडण्याचें यंत्र अशा जागीं फिरवूं नये, कारण तें कण हवेंत उडवतें. केबिनींत कोणास ओकारी झाली तर घरच्या बाईनें पदर खोंचून स्वतः पुसावयास बसूं नये, ही आमची सर्व सुनांस व लेकींस विनंति आहे. मुलांस बाजूला न्यावें, फोन करून बोटीवरच्या लोकांस बोलवावें. त्यांच्याजवळ यासाठीं वेगळें सामान असतें. हात साबणानें व वाहत्या पाण्यानें धुवावे. दाराशीं ठेवलेल्या बाटलींतील स्पिरिटचें द्रव्य या विषाणूवर पुरेसें चालत नाहीं; त्यावर भरंवसा ठेवून जेवावयास बसूं नये.

भीतीलाहि प्रमाण असावें म्हणून एक उलट उदाहरण देतों. फेब्रुवारी २०२० मध्यें जपानच्या योकोहामा बंदरांत 'डायमंड प्रिन्सेस' नांवाची नौका अडकून पडली. नौकेवर ३,७११ माणसें होतीं, त्यांपैकीं सातशेंहून अधिकांस कोरोनाची बाधा झाली. तींत १३८ भारतीय होते, आणि त्यांपैकीं १३२ जण उतारू नव्हते, नोकर होते. केबिनी रिकाम्या झाल्यावर सतरा दिवसांपर्यंत तेथें विषाणूचे अवशेष मिळाले, ही बातमी जगभर झाली आणि लोक हबकले. परंतु तो तपास केबिनी निर्जंतुक करण्यापूर्वींचा होता, आणि जें मिळालें तें विषाणूचें द्रव्य होतें. तो जिवंत होता असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. चुलींत राख आहे म्हणून विस्तव आहेच असें नव्हे. आम्हांस त्या बातमींतील १३२ हा आंकडा अधिक लागला. उतारू केबिनींत बसून होते, आणि त्यांच्या दाराशीं जेवण पोंचविणारे हे होते.

अशाच एका नोकराची गांठ आम्हांस पडली. सिंगापुरास असलेल्या आमच्या पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं आम्हां उभयतांस बोलावलें आणि चार रात्रींची सफर ठरविली. बोटीचें व कंपनीचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. केबिनींत शिरतांच पलंगाच्या पायथ्याशीं ताटाएवढा तपकिरी डाग दिसला. कड गडद, मध्य फिकट, आणि अनवाणी पाय पडला तेव्हां ओलसर लागला. नात तेव्हां रांगत होती. सूनबाईंनीं तिला कडेवर घेतली ती खालीं सोडीनात. पुतणे तापले. केबिनीचा नोकर आला. आमचें बोलणें ऐकून तो मराठींतच बोलूं लागला. मालवणाकडचा मुलगा, विशीबाविशीचा. म्हणाला, "काका, सकाळपासून दोनदां पुसलाय. वाळला कीं परत वर येतो." दुसरी केबिन मोकळी नव्हती. पुतण्यांनीं मताचा कागद काढला आणि सर्व रकान्यांत एकेक गुण देण्यास लेखणी उचलली. मुलगा दारांत उभा होता. त्यानें हळूच सांगितलें, "त्याच्यावर माझं नांव पडतं. पुढलं काँट्रॅक्ट त्याच्यावर ठरतं."

घरांत दोन तट पडले. पुतण्यांचें म्हणणें, पैसे मोजले आहेत, लेकरूं लहान आहे, दया दाखवून लेकराचा आजार ओढवून घ्यावयाचा काय? आमच्या कुटुंबाचें म्हणणें, तोहि कोणाचें लेकरूंच आहे. आम्हांस दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या. चूक होती ती दोन्हींचा एकच कागद करण्यांत. आम्हीं कोरा कागद घेतला आणि गृहव्यवस्थेच्या मुख्याधिकाऱ्यांस पत्र लिहिलें: केबिनीचा क्रमांक, वेळ, डागाची जागा व आकार, तो ओला असून वाळल्यावर पुनः उमटतो ही खूण, केबिनींत रांगतें मूल आहे ही गोष्ट, आणि गालिचा उचलून खालीं पाहावें ही मागणी. नोकरानें दोनदां स्वच्छ केला व तो सौजन्यानें वागला, हेंहि लिहिलें. पुतण्यांनीं डागाचें छायाचित्र काढलें. पत्र स्वागतकक्षांत नेऊन दिलें आणि घेणाऱ्याकडून वेळ लिहून घेतली.

संध्याकाळीं दोन कारागीर आले, कोपरा उकलला, तों अस्तर चिंब. हवा थंड करणाऱ्या यंत्राची पाणी वाहून नेणारी नळी भिंतीच्या आंत गळत होती. किती दिवस, देव जाणे. मालवणच्या मुलानें शंभर वेळां पुसलें असतें तरी तो डाग गेला नसता. नळी बदलली, रात्रभर वारा देणारें यंत्र चाललें (त्या घरघरीनें झोंप कोणासच आली नाहीं), आणि दुसऱ्या दिवशीं तेवढा तुकडा कापून नवा बसविला. मताच्या कागदावर त्या मुलास काय गुण दिले, तें पुतण्यांनीं आम्हांस दाखविलें नाहीं. आम्हींहि विचारलें नाहीं.

तक्रारीचा विषय निघाला म्हणून कायद्याविषयींहि सांगतों. केबिनींत पाऊल ठेवतांच सामान उघडण्यापूर्वीं गालिचा, गादी व स्नानगृह यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. कारण जुना डाग तुमच्या माथीं मारून सफाईचा खर्च तुमच्या हिशेबांत धरला जाण्याचा संभव असतो. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, म्हणून ती लेखी करावी. बोट सोडण्यापूर्वीं करावी, घरीं आल्यावर नव्हे. तरीहि दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणें तक्रारदार जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जातां येतें. म्हणजे काष्टीच्या माणसानें मुंबईस हेलपाटे घालण्याचें कारण नाहीं, अहिल्यानगर पुरे. मोबदला पांच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाहीं, आणि मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनीनें सल्लाहि मिळतो. कंपनी परदेशची असेल तर निकाल लागला तरी वसुली जड जाते, हें मात्र ध्यानांत ठेवावें; शक्य तों तिकीट येथील प्रवासी कंपनीमार्फत घ्यावें आणि पावती जपावी.

तिकीट घेण्यापूर्वीं नौकेची परीक्षा पाहण्याचीहि सोय आहे. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या विहारनौकांसाठीं तेथील सरकारनें १९७५ पासून स्वच्छता-तपासणीची योजना चालविली आहे. तपासनीस पूर्वसूचना न देतां येतात, शंभरांपैकीं गुण देतात, आणि ८५ किंवा त्याहून कमी पडले तर नौका नापास. पस्तीस गुणांवर मुलें वर चढविणाऱ्या आम्हां मास्तरांस ही कडक शिस्त पाहून मौज वाटली. निकाल जाहीर असतात, कोणासहि पाहतां येतात. इतर बंदरांत, आपल्याकडेहि, २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य-नियमांप्रमाणें नौकेस स्वच्छतेचा दाखला घ्यावा लागतो, व तो सहा महिन्यांपुरता असतो. पण त्यांत उंदीर, डांस, पाणी, अन्न, मैला यांची पाहणी मुख्य. तुमच्या पलंगाखालच्या डागाची चौकशी तो दाखला करीत नाहीं.

राहिलें आपल्या बाजूचें. उदबत्ती व निरांजन बोटीवर लावूं देत नाहींत. संध्या व देवपूजा करणारांनीं पळी-पंचपात्र टेबलावर ताटांत ठेवून काम चालवावें, गालिच्यावर पाट मांडूं नये. कुंकवाचा करंडा स्नानगृहांतच उघडावा. रांगत्या मुलासाठीं घरची एक जाड सतरंजी न्यावी. ती रोज झटकावी आणि उलटसुलट होऊं नये म्हणून एका कोपऱ्यास रंगीत दोरा बांधावा, म्हणजे खालची बाजू खालींच राहते. ओले पंचे गालिच्यावर टाकूं नयेत. मेतकूट, चिवडा, लाडू खुशाल न्यावे. लोणच्याची बरणी मात्र न्यावयाचीच असेल तर झांकणाभोंवतीं फडकें आवळून, दुहेरी पिशवींत घालून, उभी ठेवावी. बोट कलते तेव्हां ती जेवणाच्या वेळेची वाट पाहत नाहीं.